पोत्यातलं वरचं बी

जोधपूर, ८ मे

ही डायरी सेठनं दिवाळीत मिठाईच्या डब्याबरोबर दिली होती. मे महिना लागला तरी कोरीच होती. प्रत्येक पानावर एक हिंदी सुविचार छापलेला आहे. त्याखाली माझं अक्षर म्हणजे चिखलातून बैलगाडी गेल्यासारखं. पण इथं दुपारी बाहेर पाय ठेवता येत नाही, रूमवरची पोरं मोबाइलमध्ये तोंड घालून पडतात, आणि मला रिकामं बसवत नाही. म्हणून लिहितो.

नववीत शाळा सोडली. मग सुरतेला साड्यांच्या घड्या घातल्या, पुण्याला हॉटेलात ताटं उचलली, ट्रकवर क्लीनर झालो. तो ट्रक इथं गवार भरायला आला आणि मी इथंच उतरलो. कुठंच फार दिवस टिकलो नाही, इथं टिकलो म्हणजे विशेषच. हे सेठचं गवताच्या बियाण्याचं गोदाम आहे. माझं काम झाडू मारणं, पोती उचलणं, पोती शिवणं. गावात मात्र सांगितलं आहे की बी तपासायचं काम माझ्याकडे आहे. सांगायला सोपं गेलं.

आज मायचा फोन आला. स्पीकरवर ठेवला होता, मागं बायांचा कालवा. शालूकाकूंच्या बचत गटाची बैठक चालली होती.

जानेफळहून आमच्या गावाकडं वळलं की डाव्या हाताला जो उतार दिसतो ते आमचं गायरान. मी लहान होतो तेव्हा तिथं मुरूम आणि गाजरगवत, दुसरं काही नाही. तीन वर्षांमागं दोन महिन्यांचा पाऊस एका दुपारी पडला आणि त्या उतारावरची उरलीसुरली माती खालच्या वावरांत, विहिरींत जाऊन बसली. तेव्हा गटाच्या बायांनी ग्रामसभेत भांडून तिथली चराई बंद करून घेतली. तेव्हापासून त्या तिथं गवत वाढवून राहिल्या. घरोघर राखणीची पाळी लावली आहे. गवत कापायचं तेसुद्धा बी झडल्यावर.

शालूकाकू फोनवर आल्या. “काय बे गजेंद्रा, तू म्हणे बियाचा साहेब झाला?”

“साहेब कायचा काकू, तपासतो फक्त.”

“मंग आमाले एक पोतं धामण गवताचं पाठव बापा. वरच्या टेकाडावर काहीच धरून नाही राह्यलं. गटाले मदत करते त्या संस्थेचे साहेब म्हणतात धामण धरंल. पण निवडून पाठवजो, कचरा नको. गाजरगवत उपटू उपटू आमच्या कमरा गेल्या.”

“मी सोता हातानं निवडतो,” मी म्हटलं.

मागून माय बायांना सांगत होती, “माह्या पोराच्या हातचं बी येऊन राह्यलं!” बाबा गेल्यापासून तिचा असा आवाज मी ऐकला नव्हता.

२० मे

सेठला बी मागितलं. म्हणाला, चांगला माल सगळा बुक आहे. झाडन पडलं आहे, पाहिजे तर ते ने आणि चाळून घे.

झाडन म्हणजे मीच रोज झाडून कोपऱ्यात लोटतो ते. त्यात धामणाचं बी असतंही, पण वाळू, उंदराच्या लेंड्या, सुतळीचे तुकडे, विड्यांची थोटकं, विलायती बाभळीच्या शेंगा आणि कुठकुठल्या तणाचं बारीक काळं बी. चाळलं, पाखडलं, बसून निवडलं तर चांगलं निघेल. आठवडाभराचं काम आहे. उद्यापासून बसतो.

२८ मे

बसलो होतो. दोन घमेली चाळली. धूळ नाकात, डोळ्यांत गेली. मग पोरं मेहरानगड बघायला निघाली, त्यांच्यासोबत गेलो. मग बसलोच नाही. शालूकाकूंचा निरोप आला की पाऊस लागायच्या आधी बी पाहिजे. मी “निवडून राह्यलो” असं कळवलं.

१ जून

आज आमच्याकडं, खामगावला जाणारा ट्रक निघाला. ड्रायव्हर ओळखीचा. म्हणाला, द्यायचं तर आत्ता दे.

झाडन तसंच पोत्यात भरलं. वर एका फुटलेल्या पोत्यातलं चांगलं धामण ओतलं, वीतभर थर. तोंड लाल दोऱ्यानं शिवलं. शिवायचं काम मला येतं, पोतं दुकानातल्यापेक्षा देखणं दिसलं. सुई बोटात घुसली तेव्हा बरं वाटलं.

ट्रक गेल्यावर वाटलं, मोटरसायकलवर मागं जावं आणि उतरवून घ्यावं. गेलो नाही. इथं कोणाची मोटरसायकल मिळाली नसती हे खरं. पण मागितलीही नाही.

९ जून

माय म्हणाली, “पोतं पोचलं.” मग म्हणाली, “जेवला का?”

मी म्हटलं, “काकूला दे ना फोन.”

“त्या कामात हायेत.”

आज स्पीकर नव्हता. मागं बायांचा आवाजही नव्हता. तिला भरून आलं असेल, पोराचं बी बघून. त्यामुळं मला जेवण गेलं नाही.

६ जुलै

गटाचा फोन पूनमकडे असतो. ती शालूकाकूंची पुतणी, बारावी झालेली, चटचट बोलणारी. तिनं फोटो टाकला. टेकाडावर पाऊस, डोक्यावर खताच्या पोत्यांच्या खोळी घेतलेल्या बाया ओणव्या. त्यात माय. तिच्या बोटांना चिंध्या बांधलेल्या. बाजूला मुळासकट गवताच्या जुड्या पडलेल्या.

पोत्यातलं तण उगवलं आणि बाया ते उपटून राहिल्या, दुसरं काय असणार? मी विचारलं, “काय करून राह्यल्या?”

तिनं लिहिलं, “काम.”

“मायच्या हाताला काय झालं?”

“गवतानं कापलं. सगळ्यांत आधी येतात आणि सगळ्यांत शेवटी जातात तुमच्या आई. ऐकत नाहीत.”

“माझं बी उगवलं का?”

निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. संध्याकाळी नुसता एक अंगठा आला. अंगठ्याचं काय करायचं?

दिवसभर पोती शिवताना डोळ्यांपुढं त्या चिंध्या होत्या. माझी घाण माझी माय हातानं वेचते आहे. फोन करून खरं काय ते विचारावं असं चारदा वाटलं. विचारलं तर सांगावंही लागेल, म्हणून केला नाही.

१७ ऑगस्ट

आज पूनमनं दुसरा फोटो टाकला. झेंडावंदनानंतर सगळे टेकाडावर गेले होते. काय हिरवं आहे! गुडघ्याच्या वर गवत. गाजरगवताचं एक पांढरं फूल नाही. मी फोटो बोटांनी मोठा करकरून प्रत्येक कोपरा पाहिला.

म्हणजे उगवलं. झाडनातलं चांगलं बी उगवलं आणि वाईट वाया गेलं, किंवा बायांनी वेळेवर उपटलं. काही का असेना. छातीवरचं पोतं उतरल्यासारखं झालं. रूमवर पोरांना फोटो दाखवला, सांगितलं, “मेरे बीज का है.” बोललो आणि लगेच पाणी प्यायला उठलो.

सरपंच अर्जुनराव भाषणात म्हणाले म्हणे की जग तापून राहिलं, पाऊस येडा झाला, अशा वेळी गवताचं मूळ हवेतला धूर जमिनीत धरून ठेवते. शालूकाकू तिथंच उठून म्हणाल्या, “धूर धरो का नको धरो, माती धरते का ते पाहा. यंदा मार्चपर्यंत विहिरीले पाणी होतं.” आणि सरपंचांनी जाहीर केलं की बी पाठवणाऱ्या गजेंद्रचा दिवाळीत सत्कार करायचा.

“काकू काय म्हणाल्या सत्काराला?” मी पूनमला विचारलं.

“टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी.”

११ सप्टेंबर

गट हिवाळ्यात बियाचं केंद्र उघडणार आहे. आसपासच्या गावांतून गवताचं बी विकत घ्यायचं, साफ करायचं आणि ज्यांना गायरानं, बांध, धुरे हिरवे करायचे त्यांना विकायचं. जुन्या ग्रामपंचायतीची खोली मिळाली आहे. पोती पारखून घ्यायला एक माणूस ठेवणार. अर्जुनराव म्हणाले, आपला गजेंद्र आहे की, त्यातला जाणकार.

मायनं हे सांगितलं तेव्हा आवाजात काही नव्हतं. आनंद नाही, दुःख नाही. मी म्हटलं, “मी येतो मग, माय. कायमचा.”

“ये,” ती म्हणाली. “घर तं तुहंच हाये.”

मला घरी जायचं आहे. एवढी गावं फिरलो पण असं कधी वाटलं नव्हतं. तिथं सकाळी उठून जायला एक जागा असेल, लोक नावानं हाक मारतील. आणि ते सगळं त्या पोत्याच्या जोरावर मिळून राहिलं. तिथल्या बायांच्या समोर मी बी हातात घेऊन ‘हे चांगलं, हे वाईट’ म्हणणार. कोणत्या तोंडानं?

गाव, १८ ऑक्टोबर

काल वसुबारसेला पोचलो. मायनं पाय धुवायला पाणी दिलं. तिचे तळहात पाहिले, बारीक पांढऱ्या रेघा रेघा. मी विचारलं तर म्हणाली, “जुनं झालं आता.”

आज टेकाडावर गेलो. फोटोत दिसतं त्याच्याहून भारी आहे. वाऱ्यानं सगळा उतार एका दिशेनं झुकतो. पण एक गोष्ट समजली नाही. धामण मी गोदामात रोज बघतो, त्याची कणसं काटेरी, बोटाला चिकटणारी. हे तसं नाही. हे मऊ, जांभळट कणसाचं, आपल्याकडचं मारवेल दिसतं. आणि ओळीत आहे. फेकून पेरलेलं ओळीत कसं उगवेल?

इथली माती वेगळी, म्हणून असेल.

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजनाच्या आधी मारुतीच्या पारावर सत्कार झाला. टोपी, दुपट्टा, नारळ. अर्जुनराव बोलले, पुरुषांनी टाळ्या वाजवल्या. दयाराममामा पारावर आले नाहीत, खाली उभे होते. गावात सगळ्यात जास्त बकऱ्या त्यांच्या. चराईबंदीनं त्यांना लांब रानात जावं लागतं, म्हणून ते गटावर दात धरून आहेत. माझ्याकडं बघून म्हणाले, “घ्या, आता गवताचेही नवरदेव निघाले!” लोक हसले.

टिळा लावायला शालूकाकू आल्या. अंगठा कपाळावर चांगला दाबून लावला. गटाच्या बाया मागं ओळीनं उभ्या होत्या, लग्नात वधूकडच्या बाया उभ्या असतात तशा, हसऱ्या आणि गप्प. माय त्यांच्या मागं होती, मला नीट दिसली नाही.

टोपी डोक्याला लहान झाली. घरी येईपर्यंत कपाळावर वळ उठला.

२४ ऑक्टोबर

आज आमच्या घरची राखणीची पाळी होती. मायला म्हटलं, तू बस, मी जातो. ती एकदम म्हणाली, “नको, मीच जातो.” मी ऐकलं नाही.

टेकाडाच्या मधोमध राखणदाराची खोप आहे. चार बल्ल्या, वर पळसाचा पाला, खाली पडायला गोधडी. दुपारी उन्हाला जरा आडवा झालो. उशाला गोधडीच्या आवरणात काहीतरी जड होतं. डोकं ठेवलं तर चुरचुर वाजलं. आवाज ओळखीचा वाटला. आवरण सारलं.

माझं पोतं.

गोदामाचा शिक्का तसाच. तोंडाचा लाल दोरा नव्हता, तिथं निळ्या दोऱ्यानं शिवलेलं होतं. बारीक, जवळजवळ टाके. असे टाके फक्त माझी माय घालते, माझ्या शाळेच्या चड्डीला होते तसे. पोतं मी शिवलं होतं तेवढंच भरलेलं. वरचा चांगला थरसुद्धा कोणी काढून घेतला नव्हता.

पेरलंच नाही. एक दाणाही नाही.

उतारावर गवत हलत होतं, सगळ्या ओळी. आता कळलं ते ओळीत का आहे. पावसात बाया ओणव्या होत्या तेव्हा उपटत नव्हत्या, लावत होत्या. खालच्या उतारावरून मुळासकट ठोंबं आणून एकेक. माझ्या पोत्यानं जी जागा भरायची होती ती त्यांनी हातानं भरली. आणि त्या जागेसाठी मला टोपी घातली.

२५ ऑक्टोबर

सकाळी मायला म्हटलं, “तू शिवलं ना ते पोतं?”

ती भाकर थापत होती. “शालूबाईनं उघडलं. पहिले वरचं पाह्यलं, लय खूश झाली. मंग कोपरापर्यंत हात घातला.” भाकर तव्यावर टाकली. “मी शिवलं. उघडं कसं ठेवाव?”

“मग मला बोलली काऊन नाही?”

“काय बोलू?”

तिनं भाकर माझ्या ताटात वाढली. खाल्ल्याशिवाय उठता येईना आणि घास गिळता येईना.

तिथून शालूकाकूंकडं गेलो. अंगणात जुन्या लुगड्यावर बी वाळत घातलं होतं, त्या हातानं खालीवर करत होत्या.

“काकू, ते पोतं...”

“कोणतं?”

“मी पाठवलेलं.”

“चांगलं हाये. मान दुखत नाही त्याच्यावर.”

म्हटलं, “मी ग्रामसभेत सांगतो सगळ्याईसमोर. चराईबंदीची मुदत संपली, सभा हायेच. तिथंच सांगतो.”

त्यांचा हात थांबला. “काऊन?”

“मले शरम वाटून राह्यली.”

“तुले बोलून मोकळं व्हायचं हाये,” काकू म्हणाल्या. “आमाले गायरान राखायचं हाये. तू तोंड उघडलं का दयाराम उठंल. म्हणंल, पाहा, बायाईनं परमुलखातून कचरा आणून गायरानात टाकला. मंग टाकला का नाही टाकला, कोण पाहाते? बंदी उठली आणि बकऱ्या घुसल्या का एका उन्हाळ्यात पुन्हा मुरूम. अन् तुही माय? तिनं लावलेली ठोंबं काय तुह्या पोत्यापायी बकऱ्याईले खाऊ घालू?”

“मंग मी काय करू?”

“शरम वाटते ना? वाटू दे. तिले काही चारा घालाव लागत नाही.” आणि पुन्हा बी खालीवर करायला लागल्या. मी जायला वळलो तर मागून म्हणाल्या, “अन् टोपी सांभाळून ठेव. गटाच्या पैशाची हाये.”

२९ ऑक्टोबर

जोधपूरला परत जावं असं पक्कं केलं. पिशवी भरली. सेठला फोन केला, तो म्हणाला ये. एसटी सकाळची. जायचं सोपं आहे, मला जायची सवय आहे.

मग बघितलं तर मायनं पिशवीवर शेव-चिवड्याचा डबा ठेवला होता. थांब म्हणाली नाही. जून महिन्यापासून ती अशीच काही न म्हणता आहे. सकाळी एसटी वेशीवर येऊन गेली, तिचा हॉर्न घरात बसून ऐकला.

२ नोव्हेंबर

ग्रामसभा झाली. शाळेच्या पटांगणात पुरुष पुढं, बाया डावीकडं. शालूकाकू म्हणाल्या, बंदी आणखी तीन वर्षं पाहिजे. दयाराममामा उभे राहिले. खरं सांगायचं तर त्यांचं बोलणं खोटं नव्हतं. म्हणाले, “गवत तुमचं, बी तुमचं, टाळ्या तुमच्या. माह्या बकऱ्याईनं काय झेंड्याचं वंदन करून पोट भराव?” पुरुषांत हसू आणि कुजबुज, हो ना, हो ना. सभा त्यांच्याकडं कलत होती.

मग त्यांनी मला धरलं. “हा पाहा, बियाचा साहेब. सांग बे, तुह्याच बियानं झालं ना हे सगळं? मंग तू जाशीन जोधपुराले, पुढच्या साली कोण पाठवीन? का दर साली बाहेरून बी आणूनच गाव चालवायचं?”

सगळे माझ्याकडं बघून राहिले. शालूकाकूही. त्यांच्या डोळ्यांत ‘खबरदार’ होतं. मी उठलो.

“माह्या बियानं काहीच झालं नाही, मामा,” मी म्हटलं. “एक काडी नाही उगवली त्यातली. जे हाये ते या बायाईनं भर पावसात हातानं ठोंबं लावून केलं. बोटं कापली त्याईची. बाहेरचं काहीच नाही तिथं. पुढच्या सालीही बाहेरून आणाव लागत नाही.”

एवढंच. सगळं खरं होतं. मग अर्जुनराव उठून म्हणाले, “पाहा! शिकलेलं नाही पोट्टं, पण मोठेपणा पाहा याचा! सोताचं श्रेय बायाईले देऊन राह्यला!” आणि टाळ्या. सत्कारापेक्षा जोरात. मी खरं बोललो आणि तेही पोत्यातल्या वरच्या थरासारखंच विकलं गेलं. खाली बसलो तेव्हा माय पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती.

बंदी राहिली. पण शालूकाकूंनी स्वतःहून दयाराममामांसाठी कलम घातलं: बी झडल्यावर कापलेल्या गवताचा वाटा बकरीवाल्यांना, आणि रानात फिरताना त्यांनी बी ओरबाडून आणलं तर केंद्र ते रोख घेईल. मामा म्हणाले, “पाहू.” म्हणजे हो.

निघताना काकूंनी मला अडवलं. “सोमवारपासून केंद्रावर ये.”

“मले नका ठेवू, काकू. दुसरं कोणी पाहा.”

“दुसऱ्याईले पोत्याचं वरचं दिसते,” त्या म्हणाल्या. “तुले खालचं माहीत हाये.”

९ नोव्हेंबर

आठवडा झाला. बसून निवडणं म्हणजे काय ते आता कळलं. सूप धरायला पूनमनं शिकवलं, तिला आनंद फार होतो मला रागवताना. “जोधपुरात असंच पाखडत होते का?” मी म्हटलं, जोधपुरात पाखडतच नव्हतो. ती माझ्या हातातलं सूप सरळ करत म्हणाली, “माहीत हाये.” मला वाटलं, सहज बोलली.

माझ्या मनात हिशेब असा की शालूकाकूंना माहीत आहे आणि मायला. पूनमला थोडं कळलं असेल. बाकीच्या बायांपासून दोघींनी लपवलं, माझी इज्जत राखली. त्या दोघींसमोर मान खाली घालून जन्म काढता येईल. दोघीच आहेत.

१६ नोव्हेंबर

आज दयाराममामा आले. स्वतः डोक्यावर पोतं घेऊन. केंद्रात सगळा गट जमला होता, रविवार असल्यानं बाया बी साफ करायला बसलेल्या. मामांनी पोतं आपटलं. “घ्या. पवन्याचं बी. रानभर फिरून जमवलं.”

पोत्याचं तोंड उघडलं. वर पवन्या गवताचं झकास बी, सोनेरी, सुटं. मी हात घातला. मनगटापर्यंत मऊ लागलं. मग बोटांना टोचलं, कुसळी, धसकटं, आणि त्याखाली खडबडीत गार. मुरूम. वजनाला.

हात आतच राहिला. डोळ्यांपुढं लाल दोरा आला. मामा माझ्याकडं बघत नव्हते, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघत होते. तसंच बघतात. मी ट्रककडं तसंच बघितलं होतं.

ओरडावं असं एकदम वाटलं. सगळ्यांसमोर पोतं उपडं करावं. ग्रामसभेतलं उसनं फेडावं. पण हात बाहेर काढला आणि हळूच म्हटलं, “मामा, वरचं घेतो. खालचं घरी घेऊन जा. अन् पुन्हा आणा, वरच्यासारखंच सगळं. घेतो आपण.”

मामा भडकले. “काऊन? खालचं पाह्यलं का तू?”

“नाही पाह्यलं.”

“मंग तुले कसं समजलं बे?”

खोलीत सुपं थांबली. तेवढ्यात कोपऱ्यातून पूनमच्या तोंडून फस्सकन हसू फुटलं. तिच्या शेजारी पुष्पाबाईंनी पदर तोंडात कोंबला. मग तिसरी. मग सगळ्याच. कोणी सूप खाली ठेवून हसते, कोणी डोळे पुसते, कोणी म्हणते, “कसं समजलं बे तुले?” आणि पुन्हा हसू. मामा येड्यासारखे इकडंतिकडं बघत राहिले.

सगळ्यांना माहीत होतं. पहिल्या दिवसापासून. ज्यांनी पारावर ओळीनं उभं राहून टाळ्या वाजवल्या त्या सगळ्यांना. ज्या रोज पाळीनं त्या पोत्यावर डोकं टेकून पडत होत्या त्या सगळ्यांना. दोघी नव्हत्याच कधी.

कान असे तापले की मला वाटलं बाहेरून दिसत असतील. दाराकडं बघितलं. मोकळं होतं.

मग मायकडं बघितलं. ती भिंतीला टेकून बसली होती, मांडीवर सूप. हसत होती. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ती ते पुसत नव्हती. जूनपासून पहिल्यांदा.

शालूकाकू हसल्या नाहीत. त्यांनी दयाराममामांना पाणी दिलं, वरचं बी मोजून घेतलं आणि दाराजवळचं दुसरं पोतं पायानं माझ्याकडं सरकवलं.

“चाल बे. घाल हात.”

पोतं जानेफळच्या एका म्हातारीचं होतं. मी बाही वर केली आणि कोपरापर्यंत हात घातला. तळापर्यंत नुसतं बी होतं.